प्रवेश इंग्रजीतून, व्यवहार जर्मनमधून

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, १७ सप्टेंबर २०२५ रोजी, बीड शहराला रेल्वे मिळाली. ज्या गाडीच्या मागणीत एका पिढीचे केस पांढरे झाले, ती अखेर आली. परंतु जिल्ह्यातील तरुण तिच्यासाठी थांबून राहिले नव्हते. बारावीनंतर पुणे किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे, अभियांत्रिकीची पदवी घ्यावी आणि तेथून पुढे परदेशी जाण्याचा विचार करावा, हा क्रम गेवराई, केज, धारूर, आष्टीकडील शेतकरी कुटुंबांनाही आता अपरिचित राहिलेला नाही. या विचारात जर्मनीचे नाव वारंवार येते आणि त्यामागोमाग एक प्रश्न येतो. तेथे अभ्यासक्रम इंग्रजीतून मिळत असेल, तर निघण्यापूर्वी जर्मन भाषा शिकण्यासाठी वर्ष खर्ची घालावे की नाही?

हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. कुटुंबाची तारण पडलेली जमीन, बँकेचे कर्ज आणि मुलाच्या किंवा मुलीच्या आयुष्यातील उमेदीची दोन-तीन वर्षे यांचे भवितव्य त्याच्या उत्तराशी निगडित असते. आणि या प्रश्नाला जी दोन उत्तरे सर्रास दिली जातात, ती दोन्ही अपुरी आहेत. ‘अभ्यासक्रम इंग्रजीत आहे, तेव्हा भाषेची गरजच नाही’ हे पहिले उत्तर. ‘तेथे गेल्यावर भाषा आपोआप येते’ हे दुसरे. पहिल्यात प्रवेश आणि वास्तव्य यांची गल्लत झालेली आहे. दुसऱ्यात काळाला आणि पैशाला किंमत असते याचे विस्मरण झालेले आहे.

फी नाही, म्हणून फुकट नाही

जर्मनीकडील ओढ्याचे कारण उघड आहे. तेथील बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही; सहामाहीला काही शे युरोंची वर्गणी भरली की भागते. अमेरिका किंवा ब्रिटनमधील शुल्काचे आकडे ऐकून माघारी फिरलेल्या मध्यमवर्गीय पालकाला ही गोष्ट दैवी कृपेसारखी वाटल्यास नवल नाही. २०२४-२५ च्या हिवाळी सत्रात जर्मन विद्यापीठांत सुमारे ५९ हजार भारतीय विद्यार्थी होते आणि परदेशी विद्यार्थ्यांत हा गट सर्वांत मोठा होता. अर्थात शुल्कमाफीही सरसकट नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग हे राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून सहामाहीस दीड हजार युरो घेते आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४-२५ पासून अशी आकारणी सुरू केली आहे.

शुल्क नसले तरी पोट आहेच. व्हिसा मिळविण्यासाठी साधारणतः एका वर्षाचा निर्वाहखर्च आधीच एका बंदिस्त खात्यात भरून दाखवावा लागतो आणि त्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे दरमहा ९९२ युरो, अशी ठरविण्यात आली. एका युरोला शंभर रुपये असा ढोबळ हिशेब धरला तरी हे बारा लाख रुपये झाले. विमा, विमानभाडे आणि नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना आवश्यक झालेली शैक्षणिक प्रमाणपत्रांची पडताळणी यांचा खर्च वेगळाच. पावसाच्या भरवशावर कापूस आणि सोयाबीन घेणाऱ्या घरात एवढी रक्कम शिलकीत नसते. ती कर्जाऊ आणावी लागते आणि ती केवळ पहिल्या वर्षापुरतीच पुरते. पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा दोन वर्षांचा असतो. दुसऱ्या वर्षाचा खर्च तेथे कमवून भागवायचा, हे गृहीत धरूनच बहुतेकांचा बेत आखलेला असतो. भाषेचा प्रश्न खरा उद्भवतो तो येथे.

वर्गाबाहेरची भाषा

इंग्रजी विद्यार्थ्याला व्याख्यानाच्या दालनापर्यंत पोहोचविते. प्रबंध इंग्रजीत लिहिता येतो, प्राध्यापकांशी इंग्रजीत बोलता येते. परंतु घरभाड्याचा करार जर्मनमध्ये असतो. पत्त्याची नोंदणी, आरोग्यविमा कंपनीची पत्रे, वास्तव्याच्या परवान्याचे नूतनीकरण हे सारे व्यवहार जर्मनमध्ये चालतात. शासकीय कामकाजाची भाषा जर्मन आहे, असे तेथील प्रशासकीय कार्यपद्धतीच्या कायद्यातच नमूद आहे. एखादा कारकून सौजन्याने इंग्रजी बोलेलही. तथापि सौजन्यावर हक्क सांगता येत नाही.

अर्थार्जनाची गोष्ट तर याहून कठीण. मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षाकाठी १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. किमान वेतन २०२५ मध्ये ताशी १२.८२ युरो होते आणि २०२६ साठी ते १३.९० युरो ठरविण्यात आले. या दराने निर्वाहाचे ९९२ युरो मिळविण्यास महिन्याला सुमारे ७१ तास काम पुरते, असे कागदावर दिसते. कर वजा जाता आणखी काही तास धरावेत. पण ते काम मिळावयास हवे. भाषा न येणाऱ्याला गोदामातील मालाची उचलठेव, घरपोच सेवा, उपाहारगृहाचे स्वयंपाकघर एवढ्यातच वाव असतो आणि तेथेही त्याच्यासारख्यांचीच गर्दी असते. ज्या विषयाची पदवी घ्यावयाची, त्याच विषयातील उमेदवारी एखाद्या मध्यम कारखान्यात करावयाची असेल, तर तेथील तंत्रज्ञ, मुकादम आणि हिशेबनीस जर्मनमध्येच बोलत असतात. जर्मन उद्योगाचा कणा अशा लहान शहरांतील, कुटुंबांच्या मालकीच्या मध्यम कारखान्यांचा आहे. सर्वत्र इंग्रजी चालविणाऱ्या बड्या कंपन्यांचा नव्हे.

पदवी मिळाल्यावर नोकरी शोधण्यासाठी अठरा महिन्यांचा परवाना मिळतो. जर्मन विद्यापीठाच्या पदवीधराला दोन वर्षांच्या नोकरीनंतर कायम वास्तव्याचा हक्क मागता येतो. पण त्यासाठी भाषेची ‘बी-१’ ही पायरी गाठलेली असावी लागते. नागरिकत्वालाही तीच अट आहे. युरोपात भाषाज्ञानाच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या मानतात. बी-१ ही त्यांतील तिसरी, दैनंदिन व्यवहार स्वतःच्या बळावर करता येण्याची. अर्थात, जो भाषा टाळून निघतो त्याची भाषेतून सुटका होत नाही. ती केवळ पुढे ढकलली जाते. ती ज्या दिवशी सक्तीने समोर येते, त्या दिवशी त्याच्याजवळ वेळ सर्वांत कमी आणि कर्ज सर्वांत जास्त असते.

उचल आणि मुकादम

ही अवस्था बीड जिल्ह्याला नवी नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत कोयत्याला मोकळीक नसते. कारखान्याशी बोलणारा मुकादम, हिशेब ठेवणारा मुकादम. कानडी मुलखात तर परक्या भाषेमुळे हे अवलंबित्व अधिकच घट्ट होते. ज्याने पैसा आधी उचलला आहे आणि ज्याला समोरच्याशी थेट बोलता येत नाही, त्याच्या हाती घासाघीस करण्याचे कोणतेही साधन उरत नाही, हा अर्थशास्त्रातील साधा सिद्धांत जिल्ह्याने पुस्तकात न वाचता अनुभवलेला आहे.

परदेशी शिकावयास जाणाऱ्या पदवीधराची आणि ऊसतोड कामगाराची तुलना कष्टांच्या बाबतीत करणे अनुचित ठरेल. ती येथे अभिप्रेतही नाही. साम्य आहे ते बंधनाच्या स्वरूपात. शैक्षणिक कर्ज हीदेखील एक उचलच आहे. तीही भविष्यातील श्रमांवर घेतलेली असते आणि तीही माणसाला थांबू देत नाही. ज्याला हप्ता भरावयाचा आहे, तो योग्य नोकरीची प्रतीक्षा करू शकत नाही. मिळेल ते काम पत्करतो. त्यातच भाषा नसेल तर त्यालाही मुकादम लागतो. खोली मिळवून देणारा, अर्ज भरून देणारा, काम लावून देणारा कुणी आधी पोहोचलेला मध्यस्थ त्याच्या आयुष्यात येतो आणि प्रत्येक ठिकाणी आपला वाटा काढतो. मध्यस्थ दुष्टच असतो असे नव्हे. परंतु त्याच्यावाचून चालत नाही, ही स्थितीच माणसाला दुबळी करते. भाषा शिकणे म्हणजे या मध्यस्थाला दूर सारणे होय.

हिशेब काय सांगतो

भावनेचा भाग बाजूला ठेवून केवळ खर्चाचा विचार केला तरी निष्कर्ष बदलत नाही. गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार बी-१ ही पायरी गाठण्यास पंचेचाळीस मिनिटांच्या साधारण ३५० ते ६५० तासिका लागतात. रोज दोन तासिका, आठवड्याचे सहा दिवस असा क्रम ठेवला, तर वर्षाला सहाशेहून अधिक तासिका होतात. अर्थात, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात किंवा पहिल्या नोकरीच्या वर्षात, दुसरे काहीही न सोडता, सामान्य बुद्धीचा विद्यार्थी ही पायरी गाठू शकतो. ‘वर्ष वाया जाते’ हे म्हणणे तेव्हाच खरे ठरते, जेव्हा विद्यार्थी घरी बसून केवळ भाषाच शिकतो.

आता दुसरी बाजू. तीच सहाशे तासिकांची मेहनत जर्मनीत गेल्यावर करावयाची म्हटली, तर ती दरमहा लाखभर रुपये खर्च होत असताना करावी लागते. तीही अवघड अभ्यासक्रम, प्रयोगशाळा आणि पोटासाठीचे काम या तिन्हींतून वेळ काढून. पहिल्या सहामाहीत परीक्षा नापास होणे, भाषेचा वर्ग अर्ध्यावर सुटणे, पदवी सहा महिने लांबणे हे सारे यातूनच संभवते. पदवी किंवा नोकरी केवळ सहा महिन्यांनी लांबली, तरी निर्वाहाचे सहा लाख रुपये अधिक लागतात. न मिळालेला पगार आणि चढत राहिलेले व्याज निराळे. घरी राहून भाषा शिकण्याचा खर्च त्यापुढे नगण्य आहे. जी वस्तू स्वस्त बाजारात मिळते ती महाग बाजारात जाऊन विकत घेऊ नये, एवढे व्यवहारज्ञान मोंढ्यात माल घेऊन जाणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याजवळ असते.

पूर्वी गेलेल्यांची उदाहरणे

महाराष्ट्रातील पूर्वसूरींनी हा प्रश्न कसा सोडविला हे पाहणे उद्बोधक आहे. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली मानवी कवटीच्या असमानतेवर त्यांनी संशोधन केले आणि प्रबंध जर्मन भाषेतच लिहिला. मार्गदर्शकाच्या वंशविषयक कल्पनांना आपल्या मोजमापांतून आधार मिळत नाही, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. परक्या देशात, परक्या भाषेत, गुरूंच्या मताविरुद्ध उभे राहण्यासाठी ती भाषा केवळ ‘येऊन’ भागत नाही. तिच्यावर पकड असावी लागते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जवळचे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. न्यू यॉर्कमधील विद्यार्थिदशेतच त्यांनी जर्मनची ओळख करून घेतली होती. लंडनमध्ये शिकत असताना १९२१ मध्ये बॉन विद्यापीठातील प्रवेशासाठी त्यांनी स्वतः जर्मन भाषेत पत्र लिहिले आणि तेथे नावही नोंदविले. तो अभ्यासक्रम पुरा झाला नाही. तथापि क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. भाषा आधी, अर्ज नंतर. पैशाची चणचण आणि वेळेची टंचाई त्यांच्याइतकी क्वचितच कुणाला भासली असेल. तरीही भाषेवर घालविलेला वेळ त्यांनी वाया गेलेला मानला नाही. याच आंबेडकरांनी १९५० मध्ये मराठवाड्यातील तरुणांसाठी औरंगाबादेत महाविद्यालय उभे केले, हे येथे स्मरणीय आहे.

राममनोहर लोहिया यांच्याविषयी एक कथा सांगितली जाते. बर्लिनला पोहोचल्यावर त्यांचे प्राध्यापक वेर्नर झोम्बार्ट यांनी आपणास इंग्रजी येत नसल्याचे सांगितले. लोहियांनी तीन महिन्यांनी येतो म्हणून निरोप घेतला आणि खरोखरच तेवढ्या अवधीत भाषा शिकून ते परतले. १९३३ मध्ये त्यांना बर्लिनची डॉक्टरेट मिळाली. भाषा तेथे गेल्यावर येते, असे म्हणणाऱ्यांना ही कथा सोयीची वाटेल. परंतु ते तीन महिने लोहियांनी भाषेखेरीज दुसरे काही केले नाही, हाच तिचा अर्थ आहे. आज कर्जाचा हप्ता डोक्यावर घेऊन जाणाऱ्याला असे तीन मोकळे महिने कोण देणार?

उलट दिशेने आलेल्याचेही उदाहरण आहे. गुंथर सोंथायमर हे जर्मन विद्वान पुण्यात कायदा शिकावयास आले आणि मराठी शिकून धनगरांच्या वाड्यांपर्यंत पोहोचले. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या दैवतांवरील त्यांचा ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्यातील इंग्रजी जाणणाऱ्या पंडितांशी बोलूनही त्यांना एखादा प्रबंध लिहिता आला असता. पण ओव्या गाणारा धनगर त्यांना भेटला नसता. भाषेविना गेलेल्या विद्यार्थ्याला जर्मनी अशीच अर्धी भेटते.

खुद्द बीडच्या जुन्या पिढीलाही हा अनुभव आहे. निजामी राजवटीत दरबाराची, कचेरीची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. घरात मराठी बोलणारी मुले शाळेत उर्दू शिकली आणि त्याच भाषेतून वकील, डॉक्टर, अध्यापक झाली. ती सक्ती होती आणि तिच्याविरुद्ध लढा झाला तो योग्यच होता. परंतु एका बाबतीत त्या पिढीचा भ्रम नव्हता. ज्या कचेरीत काम आहे, त्या कचेरीची भाषा यावयास हवी, हे तिला कुणी समजावून सांगावे लागले नाही.

मराठीची शिदोरी

जर्मन फार अवघड, हा समज इंग्रजांकडून आपल्याकडे आला असावा. इंग्रजी बोलणाऱ्याला जी वैशिष्ट्ये जाचतात, त्यांतील बरीचशी मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेली असतात. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत. मराठीतही तो, ती, ते आहेतच. ‘मुलगी’ या अर्थाचा जर्मन शब्द नपुंसकलिंगी कसा, याचा अचंबा इंग्रजाला वाटेल. ‘लेकरू रडते आहे’ असे म्हणणाऱ्या बीडच्या माणसाला वाटण्याचे कारण नाही. जर्मनमधील चार विभक्ती शिकताना शाळेतील विभक्तिप्रत्यय आठवतात. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते, ते मराठीत नेहमीच जाते. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतील भेदही तेथे आहे. संख्यावाचनात तर गंमतीचे साम्य आहे. एकवीस म्हणताना मराठी माणूस एक आधी आणि वीस नंतर उच्चारतो. जर्मन माणूसही ‘एक आणि वीस’ असेच म्हणतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ ही पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद माजला होता! जर्मन मुले आजही तीच जुनी कसरत करतात.

अडचणी नाहीत असे नव्हे. शब्दांची लिंगे मराठीशी जुळतीलच असे नाही. सूर्य तेथे स्त्रीलिंगी आहे. काही स्वर आपल्या जिभेला नवे आहेत. परंतु मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि इंग्रजीच्या न्यूनगंडाने पछाडलेल्या ग्रामीण विद्यार्थ्याला हे आवर्जून सांगितले पाहिजे की, जर्मनच्या वर्गात तो इतरांच्या मागे नसतो. तेथे सर्वांचाच आरंभ शून्यापासून होतो आणि त्याच्या मातृभाषेचे व्याकरण त्याच्या मदतीला येते.

आक्षेपांचा विचार

या प्रतिपादनावर काही रास्त आक्षेप घेता येतील. पहिला आक्षेप अर्थशास्त्रीय आहे. गॅरी बेकर यांनी १९६४ च्या मानवी भांडवलावरील ग्रंथात सर्वत्र उपयोगी पडणारे कौशल्य आणि विशिष्ट ठिकाणीच उपयोगी पडणारे कौशल्य असा भेद केला. इंग्रजी पहिल्या प्रकारात मोडते. जर्मनचे मूल्य मात्र बेत बदलला की घसरते. व्हिसा नाकारला गेला, घरी अडचण आली, तर केलेला खर्च बुडाला, असे म्हणता येईल. हा धोका खरा आहे. परंतु चाकणला फोक्सवॅगनचा, नाशिकला बॉशचा कारखाना असलेल्या महाराष्ट्रात हे कौशल्य अगदीच निरुपयोगी ठरत नाही. शिवाय धोका टप्प्याटप्प्याने पत्करता येतो. ए-१ आणि ए-२ या पायऱ्यांनंतर थांबून विद्यार्थ्याला स्वतःची परीक्षा घेता येते. कर्ज काढून तेथे पोहोचल्यावर असे थांबता येत नाही. भाषेचा कंटाळा येणारच असेल, तर तो बीडमध्ये आलेला बरा.

दुसरा आक्षेप असा की, जर्मनीची अर्थव्यवस्था २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी आकुंचन पावली; मग या भाषेवर एवढा भर का द्यावा? ही मंदी जाण्याविरुद्धचे कारण ठरू शकेल. भाषेविना जाण्याचे समर्थन ती कधीच ठरणार नाही. नोकऱ्या मुबलक असतात तेव्हा मालक भाषेकडे काणाडोळा करतो. त्या आखडल्या की दोन सारख्या पदवीधरांतून तो भाषा येणाऱ्यालाच निवडतो.

तिसरा आक्षेप, सर्वांना एकच माप लावण्याचा. तो मान्य करावयास हवा. इंग्रजीत चालणाऱ्या प्रयोगशाळेत वेतन घेऊन पीएच.डी. करणाऱ्याला आणि तीन-चार वर्षांनी परत येणाऱ्याला ए-२ इतकी जर्मन पुरेल. दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेऊन तेथे नोकरी करू इच्छिणाऱ्याने बी-१ गाठल्याशिवाय निघू नये. बारावीनंतर जाऊ पाहणाऱ्यांचा मार्ग आणखी निराळा. त्यांना बहुधा आधी वर्षभराचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करावा लागतो आणि पदवीचे शिक्षण मुख्यतः जर्मनमध्येच असल्याने सी-१ च्या आसपास जावे लागते. डॉक्टरांना बी-२ आणि त्यापलीकडे वैद्यकीय जर्मनची स्वतंत्र परीक्षा चुकत नाही. आणि केवळ प्रमाणपत्रासाठी नमुना-प्रश्नपत्रिका पाठ करणाऱ्याला यांतील कोणतीच पायरी उपयोगी पडणार नाही.

वर्ग बीडमध्येच हवेत

येथपर्यंतचा उपदेश विद्यार्थ्याला झाला. पण तो त्याच्यापुरता थांबविणे अन्यायाचे होईल. पुण्यातील मुलाला मॅक्समुल्लर भवन किंवा रानडे इन्स्टिट्यूट शहरबसच्या अंतरावर आहे. तेथील अनेक शाळांत जर्मन शिकता येते. बीडच्या मुलासाठी तोच वर्ग सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर आहे आणि त्याची खरी किंमत शुल्कात नसून खोलीच्या भाड्यात आणि खाणावळीच्या बिलात आहे. मुलींच्या बाबतीत तर भाषेसाठी वर्षभर पुण्यात राहण्याचा प्रस्ताव घराच्या उंबऱ्यातच अडतो. दूरस्थ वर्ग आज घरबसल्या मिळतात आणि ते उपयुक्तही आहेत. परंतु बोलण्याचा सराव माणसांतच होतो. परिणामी, ज्याला भाषेची गरज सर्वांत जास्त त्यालाच ती सर्वांत महाग पडते.

शासनाला हे तत्त्व अमान्य आहे असे म्हणता येणार नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याविषयी करार केला; त्यात प्रारंभी दहा हजार युवकांचे उद्दिष्ट ठेवले गेले आणि त्यांना जर्मन शिकविण्याची जबाबदारी शासनाने आपली मानली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या वीस हजारांवरून नव्वद हजारांपर्यंत नेण्याची घोषणा केली. वीजतंत्री आणि परिचारिका यांना भाषा आधी शिकविली पाहिजे हे ज्या शासनाला पटते, त्याला कर्ज काढून जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीतही ते पटावयास हवे.

करावयाचे ते फार खर्चाचे नाही. बीड, अंबाजोगाई आणि परळी येथील महाविद्यालयांत सायंकाळचे वर्ग सुरू करता येतील. इमारती आहेत, संध्याकाळी त्या रिकाम्याच असतात. पुण्यात तयार होणाऱ्या जर्मनच्या पदवीधरांना दोन वर्षांच्या करारावर आणता येईल. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांत जाण्यापूर्वीच्या भाषाशिक्षणाचा खर्च समाविष्ट करता येईल. बँकांनीही शैक्षणिक कर्ज मंजूर करताना भाषेच्या तयारीची चौकशी करावी आणि त्या खर्चाला कर्जात स्थान द्यावे. कर्ज बुडू नये, एवढा स्वार्थ तरी त्यांनी जपावा. अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघू शकते, तर तेथे जर्मनचा एक वर्ग निघू नये, असे कोणतेही कारण नाही.

तोवर मात्र निर्णय ज्याचा त्यालाच घ्यावयाचा आहे. घरात जेव्हा परदेशाचा विषय निघेल, तेव्हा विद्यापीठाचे नाव, खात्यात भरावयाची रक्कम आणि विमानाचे तिकीट यांच्याआधी एक प्रश्न विचारला जावा. मुलाला किंवा मुलीला तेथील घरमालकाशी, कारकुनाशी, डॉक्टरशी आणि कारखान्यातील सहकाऱ्याशी मध्यस्थावाचून बोलता येईल काय? उत्तर नकारार्थी असेल, तर निघण्याची तारीख ठरविण्यापूर्वी भाषेच्या वर्गाची तारीख ठरवावी.